वरचा किती, खालचा किती?

दवाखान्यातून कुणी घरी आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "वरचा किती, खालचा किती?" रिपोर्टमधलं बाकी काही कळो न कळो, रक्तदाबाच्या या दोन आकड्यांवर मात्र घरातला प्रत्येक जण मत देतो. "वरचा चाललाय थोडा, पण खालचा बरा आहे," असं माझी मावशी अशा सुरात सांगायची, की दुमजली घराच्या भाडेकरूंबद्दल बोलतेय असं वाटावं.

वरचा आकडा मोजायचा पट्टा १८९६ सालचा. खालचा आकडा नीट मोजता येऊ लागला १९०५ साली. पण आकडा वाढलेला दिसला तर तो खाली आणायला हवा, यावर डॉक्टरांचं एकमत व्हायला १९६७ साल उजाडलं. मधली साठ वर्षं पारा वर चढलेला दिसत होता आणि भलेभले डॉक्टर तो बघून स्वस्थ बसत होते. का, ते समजायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

दंडाला पट्टा बांधून रक्ताची चौकशी करणं रक्तदाबाच्या यंत्राहून पुष्कळ जुनं आहे. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून युरोपातले वैद्य मानत आले होते, की अन्नापासून यकृत रक्त तयार करतं आणि शरीर ते वापरून संपवतं. पाटाचं पाणी शेतात जिरावं तसं. लंडनच्या विल्यम हार्वेने १६२८ साली याच्यावर साधा हिशेब मांडला. त्याने धरलेले आकडे बरेच कमी होते, आपण आजचे घेऊ. एका ठोक्याला हृदय सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर फेकतं. मिनिटाला ७० ठोके, म्हणजे पाच लिटरच्या आसपास. तासाला तीनशे लिटर. एवढं रक्त यकृताने रोज नव्याने करायचं तर माणसाने जेवायचं तरी किती? तेव्हा रक्त तेच, फिरून फिरून येणारं, असलं पाहिजे.

हे पटवायला हार्वेने दंड बांधला. पट्टी अगदी करकचून आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते, हात पांढरा पडून गार होतो. तीच पट्टी जराशी सैल केली की नाडी परत लागते, हात लाल होतो आणि शिरा टरारून फुगतात. रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, खोल असते, ती मोकळी झाली. नीला, म्हणजे रक्त परत नेणारी शीर, वर असते, ती अजून दाबलेलीच आहे. रक्त आत येतंय, परत जायला वाट नाही. लॅबमध्ये रक्त काढताना दंडाला रबरी पट्टी बांधून "मूठ आवळा" म्हणतात, तो हार्वेचाच प्रयोग. रोहिणीतून नीलेत रक्त जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ साली, इटलीच्या मालपिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरं झालं.

रक्त फिरतं हे कळलं, पण किती जोराने? हा प्रश्न एका पाद्र्याला पडला. स्टीफन हेल्स हा लंडनजवळच्या टेडिंग्टनचा. झाडात रस किती दाबाने चढतो हेही त्याने पुढे मोजलं, पण सुरुवात जनावरांपासून केली. त्याने एक घोडी उताणी बांधली, तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली आणि तिला नऊ फुटी काचेची नळी जोडली. रक्त तिच्या हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच वर चढलं आणि प्रत्येक ठोक्याबरोबर खालीवर हलत राहिलं. हा वृत्तांत त्याने १७३३ साली छापला. घोडी अर्थातच वाचली नाही.

नऊ फुटी नळी घेऊन रुग्णाच्या उशाशी उभं कोण राहणार? १८२८ साली पॅरिसमध्ये प्वाझेय नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधासाठी रक्ताऐवजी पारा वापरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, त्यामुळे उंच खांब एका टेबलावर मावला. आपण १२० म्हणतो ते पाऱ्याचे १२० मिलिमीटर. पाण्यात मोजलं तर तेवढ्या दाबाने खांब एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर उभा राहील, साधारण माणसाच्या उंचीइतका. मुठीएवढ्या स्नायूचा हा जोर, दिवसाला लाखभर वेळा.

तरी प्वाझेयच्या पद्धतीतही रोहिणीत नळी घालावीच लागे. जिवंत, शुद्धीवरच्या माणसाच्या बाबतीत वैद्याकडे बोटंच होती. आपल्याकडे आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने नाडीची चाल साप, बेडूक, हंस यांच्या चालीवरून ओळखायला सांगितली आहे. युरोपातले डॉक्टर 'कठीण नाडी' म्हणत. ती बोटाने दाबली तरी दबत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांत ही कठीण नाडी आणि शवविच्छेदनात जाड झालेलं हृदय एकत्र सापडतात, इथवर निरीक्षण आलं होतं.

इथे एक नाव मुद्दाम घ्यायला हवं, कारण ते फारसं कुणी घेत नाही: फ्रेडरिक अकबर मोहम्मद. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधला हा डॉक्टर म्हणजे पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या शेख दीन मोहम्मद यांचा नातू. तेच दीन मोहम्मद, ज्यांनी १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं आणि नंतर ब्रायटनला चंपीचं स्नानगृह चालवलं. नातवाने १८७० च्या दशकात नाडीचा आलेख कागदावर उमटवणारं यंत्र वापरलं आणि एक महत्त्वाची गोष्ट हेरली. मूत्रपिंडं धडधाकट असलेल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या लोकांतही दाब वाढलेला असतो, आणि हृदयाची व मूत्रपिंडाची खराबी त्यामागून येते. आज आपण ज्याला 'बीपी' म्हणतो ते हेच. १८८४ साली, पस्तिशीतच, विषमज्वराने तो गेला आणि त्याचं म्हणणं बराच काळ मागे पडलं.

मग आला तो पट्टा. इटलीतल्या तुरीन शहरात शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरने १८९६ साली सायकलची रबरी ट्यूब, दौत, तांब्याची नळी आणि थोडा पारा एवढ्या सामानातून यंत्र जुळवलं. ट्यूब दंडाभोवती गुंडाळायची, हवा भरायची, मनगटाची नाडी गेली की पारा कुठे आहे ते बघायचं. हार्वेचीच आवळपट्टी, फक्त आता किती आवळली याचा आकडा मिळत होता. त्याची ट्यूब जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होती, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त यायचा. रुंद पट्टा काही वर्षांत आला. पण जाड दंडाला छोटा पट्टा लावून बीपी 'वाढवण्याची' चूक अजूनही घडते, याचा अनुभव आमच्या घराला एका दवाखान्यात आला आहे. १९०१ साली हार्वे कुशिंग हा अमेरिकन शल्यचिकित्सक पाव्हियाला जाऊन हे यंत्र पाहून आला आणि बाल्टिमोरला घेऊन गेला.

नाडी चाचपून फक्त वरचा आकडा मिळे. खालचा मिळाला तो कानाने. रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव रुसो-जपानी युद्धात जखमी रोहिण्यांवर काम करत होता आणि त्यांच्यावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायची त्याला सवय लागली होती. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने आपली पद्धत सांगितली. सगळा मजकूर पानभरसुद्धा नव्हता. मोकळ्या रोहिणीतून रक्त आवाज न करता वाहतं. पट्ट्याने ती पूर्ण बंद केली तरी शांतताच. हवा हळूहळू सोडत गेलं की एका क्षणी हृदयाचा जोर पट्ट्याच्या जोरावर मात करतो, रक्त फटीतून उसळतं आणि टक् टक् ऐकू येतं. तो वरचा आकडा, हृदय आकुंचन पावतानाचा. आणखी हवा सोडली की रोहिणी दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतही उघडी राहते आणि आवाज विरून जातो. तो खालचा. हृदय विसावलं तरी दाब शून्यावर येत नाही, कारण महारोहिणी रबरासारखी ताणलेली असते आणि आक्रसत रक्त पुढे ढकलत राहते. वय वाढतं तसा हा ताण-सैलपणा कमी होतो, म्हणून म्हातारपणी वरचा आकडा एकटाच चढताना दिसतो.

यंत्र हातात आलं आणि त्याचं मोल सर्वांत आधी कळलं ते विमेवाल्यांना. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अमेरिकन आयुर्विमा कंपन्यांनी पॉलिसी देण्याआधी बीपी मोजायला सुरुवात केली आणि काही वर्षांत त्यांच्या वह्यांत उघड दिसू लागलं, की आकडा जास्त असलेली माणसं लवकर दगावतात. डॉक्टरांचा तर्क वेगळा होता. रोहिण्या जाड आणि अरुंद झाल्यात, तेव्हा मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त पोचवायला हृदय जोर लावतंय. तो जोर कमी केला तर त्या अवयवांचं काय? आजाराला नाव पडलं 'इसेन्शियल हायपरटेन्शन'. मूळ जर्मन वापरात त्याचा अर्थ 'ज्याचं दुसरं कारण सापडत नाही असा', पण इंग्रजीत त्याला 'आवश्यक' अशी छटा आली. १९३१ साली अमेरिकेचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनीही हा दाब शरीराची भरपाई असू शकेल, त्याला हात लावू नये, असंच लिहिलं. तर्क वेडगळ नव्हता. ताप आला म्हणून थर्मामीटरवर राग काढू नये, तसाच तो होता. फक्त कुणी पडताळून पाहिला नव्हता.

त्याची किंमत जगाने एका माणसात पाहिली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९३७ साली १६२/९८ होतं, १९४१ साली १८८/१०५. त्यांचे खासगी डॉक्टर मॅकिन्टायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. वयाच्या मानाने ठीक आहे, असं ते सांगत राहिले. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा १८६/१०८ आणि हृदय मोठं झालेलं. सतत जास्त दाबाविरुद्ध ढकलून डाव्या कप्प्याची भिंत तालमीतल्या दंडासारखी जाड होते, आणि एका टप्प्यानंतर थकून पसरते. ते घडून गेलं होतं. ब्रूनकडे डिजिटॅलिस हे हृदयाला जोर देणारं औषध, मीठ कमी करणं आणि विश्रांती, एवढंच होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज इथे चित्रकारासमोर बसलेले असताना रूझवेल्ट यांनी डोक्यात मागे भयंकर कळ आल्याचं सांगितलं आणि ते कोसळले. तेव्हा पारा तीनशेच्या वर गेला होता, खालचा आकडा १९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३.

तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेत हृदयविकारांच्या संशोधनासाठी कायदा झाला आणि फ्रॅमिंगहॅम या लहान गावातल्या ५,२०९ लोकांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. 'रिस्क फॅक्टर' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द तिथल्याच डॉक्टरांनी रुळवला.

पण दाब वाईट हे कळून उपयोग काय, उतरवायचा कशाने? इथे गोष्ट मुंबईत येते. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर, निद्रानाशावर पिढ्यान् पिढ्या दिली जाई. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाबही उतरतो असं नोंदवलं. ते भारतीय नियतकालिकात आलं आणि बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी आपल्या रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात ५० रुग्णांचा अहवाल छापला. तो वाचून बॉस्टनच्या डॉक्टरांनी भारतातून मुळी मागवली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. डॉ. वकील यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार हा अमेरिकेतला वैद्यकाचा मोठा मान मिळाला. मुंबईत राहून मुंबईच्या रुग्णांवर केलेल्या कामाचा जगभर असा परिणाम क्वचितच झाला असेल, आणि आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे?

निर्णायक पुरावा १९६७ साली आला. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांच्या पुढाकाराने माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एकाला तीन औषधं, दुसऱ्याला हुबेहूब दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या पोकळ गोळ्या. पोकळ गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर त्रास झाला, चार दगावले. औषधवाल्यांत गंभीर त्रास दोघांना, मृत्यू एकही नाही. 'भरपाईचा दाब' हा तर्क तिथे संपला. त्या तीन औषधांपैकी एक होतं रेसरपिन.

पुढे रेसरपिन मागे पडलं. त्याने काहींना नैराश्य येतं अशा तक्रारी होत्या आणि दरम्यान सुटसुटीत औषधं आली. त्यांतलं एक, कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाचा माग काढत सापडलं. आधी नावात सर्प असलेली मुळी, मग खराच साप.

'वाढलेला' म्हणजे किती, ही रेघ मात्र सारखी सरकते आहे. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी रेघ १६०/९५ होती, मग १४०/९० आली, २०१७ साली अमेरिकन संस्थांनी ती १३०/८० वर आणली. एका रात्रीत तिथले कोट्यवधी लोक न बदलता 'बीपीवाले' झाले. आपल्याकडे अजून १४०/९० धरतात, आणि त्या मापानेही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के लोक या यादीत होते.

पाराही आता निघाला आहे. तो विषारी, म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानुसार त्याची बीपीची यंत्रं हळूहळू बंद होत आहेत. घरी मिळतं ते बॅटरीवरचं यंत्र कोरोत्कोवसारखं ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजून ते वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढतं. मावशी शेवटपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. "पारा कुठाय यात?" म्हणायची. पारा नाही, पण पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकक अजून तेच आहे: पाऱ्याचे मिलिमीटर.