अंतराळवीरांच्या जेवणातून आलेली पद्धत आणि आंब्याचा पल्प

जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या शिध्यात गाजर हलवा आणि मूगडाळ हलव्यासोबत आमरसही होता. त्याची बातमी झाली. अंतराळ मोहिमांतून खाली आलेली एक पद्धत मात्र कोकणातल्या पल्प कारखान्यांत रोज वापरता येते, आणि तिच्याकडे बहुतेक ठिकाणी भिंतीवर टांगायचं प्रमाणपत्र म्हणूनच पाहिलं जातं. ही पद्धत म्हणजे एचएसीसीपी, म्हणजे धोके ओळखून निर्णायक बिंदूंवर नियंत्रण ठेवण्याची पद्धत; कारखान्यांच्या बोलीत ‘हॅसॅप’. तिला पेटंट नाही, परवाना-शुल्क नाही. अंतराळ कार्यक्रमातून लघुउद्योगाला इतकी स्वस्त मिळालेली दुसरी गोष्ट शोधावी लागेल.

1959 च्या सुमारास अमेरिकेत पिल्सबरी कंपनीकडे अंतराळवीरांसाठी अन्न बनवण्याचं काम आलं. कण हवेत तरंगून यंत्रांत जाऊ नयेत म्हणून घासाएवढ्या वड्यांवर खाण्याजोगा थर चढवला गेला. तो प्रश्न तसा सुटला. अवघड होता तो जंतूंचा. बंद यानात विषबाधा झाली तर डॉक्टर कुठून आणणार? कंपनीचे शास्त्रज्ञ हॉवर्ड बाउमन यांच्या चमूच्या लक्षात आलं की तयार माल तपासून खात्री द्यायची, तर बराचसा माल तपासणीतच संपतो.

हिशेब करून पाहा. हजारात एक डबा खराब आहे असं धरा. त्यातले कुठलेही 60 डबे फोडून तपासले, तरी खराब डबा हाती न लागण्याची शक्यता 94 टक्के राहते. म्हणजे प्रयोगशाळेचा ‘उत्तीर्ण’ अहवाल जवळजवळ काहीच सांगत नाही. मग नासाच्या अभियंत्यांची आणि नॅटिक इथल्या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेची रीत अन्नाला लावली गेली: कुठे बिघडू शकतं ते आधी शोधा, आणि त्याच जागी पहारा ठेवा. 1971 मध्ये ही पद्धत जाहीरपणे मांडली गेली, 1993 मध्ये कोडेक्स या अन्नमानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली.

आता हे 850 ग्रॅमचे डबे भरणाऱ्या छोट्या युनिटमध्ये कसं बसतं ते पाहू. फळ येण्यापासून डबा गोदामात जाईपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एका कागदावर काढा, आणि तो कागद हातात धरून चालू कारखान्यात फिरा. टेबलावर काढलेल्या आराखड्यात ‘उरलेला पल्प पुन्हा कढईत ओतणे’ ही पायरी हमखास राहून जाते. मग प्रत्येक पायरीवर विचारा: इथे चूक झाली तर पुढे ती सुधारणारी पायरी आहे का? फळ धुताना राहिलेले जंतू पुढच्या उष्णतेत मरतात. आंबटपणा चुकला तर पुढे सुधारायला कोणी नाही. असे निर्णायक बिंदू पल्पमध्ये साधारण तीनच निघतात.

पहिला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, पण पीएच 4.6 च्या खाली ते वाढून विष तयार करू शकत नाहीत. हापूसचा पल्प बहुतेकदा 4 च्या आसपास असतो; फळ जास्त पिकलं की आकडा वर सरकतो. म्हणून 4.6 ची वाट न पाहता 4.2 लाच सायट्रिक आम्ल घालावं, साधारण किलोमागे 3 ते 5 ग्रॅम. पूड वरून भुरभुरली तर कुठे जास्त, कुठे काहीच नाही असं होतं. थोड्या पल्पमध्ये विरघळवून ओतावी, ढवळावं, मग पुन्हा मोजावं. मोजायचा नमुना 25 अंशांपर्यंत थंड करून घ्यावा. कढईतल्या गरम पल्पमध्ये मीटरचा इलेक्ट्रोड (मोजणारी कांडी) बुडवला की आकडाही चुकतो आणि इलेक्ट्रोडही लवकर जातो. पीएच मीटर रोज सकाळी 4 आणि 7 च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, लावून घ्यायचा.

दुसरा बिंदू उष्णतेचा. भरताना पल्प किमान 85 अंश असावा, हे तापमान डब्यात मोजायचं, कढईच्या काठाशी नाही. कढईत 90 दिसत असताना शेवटच्या डब्यांत 78 असू शकतं, विशेषतः सीमर (झाकण बसवणारं यंत्र) अडकून दहा मिनिटं गेली की. डबा बंद केल्यावर उलटा करतात, कारण झाकणाच्या आतल्या बाजूला गरम पल्प लागलेला नसतो. त्यानंतर उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायचं, हे शेजारच्या कारखान्याला विचारून ठरवू नये. पल्प घट्ट असल्याने उष्णता मध्यापर्यंत सावकाश पोचते, आणि 3.1 किलोच्या डब्याला 850 ग्रॅमची वेळ अजिबात चालत नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ किंवा म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था (सीएफटीआरआय) अशा ठिकाणाहून आपल्या डब्यासाठी वेळ ठरवून घ्यावी.

तिसरा बिंदू झाकणाची शिवण. डबा थंड होताना आत निर्वात होतो, आणि सैल शिवणीतून थंड करायचं पाणीच आत ओढलं जातं. म्हणून ते पाणी पिण्यायोग्य आणि क्लोरीन घातलेलं हवं. सीमरच्या सेटिंगला हात लावला किंवा डबा अडकला, की पुढचा एक डबा कापून शिवणीचे दोन्ही हूक, म्हणजे डब्याची आणि झाकणाची वळवलेली कड, एकमेकांत नीट अडकलेत का ते बघावं. डबे 38-40 अंशांवर पाण्याबाहेर काढले तर उरलेल्या उष्णतेने सुकतात. त्याहून थंड केले तर गंज धरतात.

घोळ बहुतेक कागदावर होतो. सल्लागाराकडून आलेल्या तयार आराखड्यात पंधरा निर्णायक बिंदू असतात, त्यात ‘स्वच्छता राखणे’ हाही एक. स्वच्छता हवीच, पण ती पायाभूत शिस्त आहे; जे आकड्यात आणि लगेच मोजता येत नाही, त्याला निर्णायक बिंदू करून उपयोग नाही. दुसरी खूण म्हणजे रजिस्टर. दिवसभर दर अर्ध्या तासाला 88.0, 88.0, 88.0, सगळं एकाच पेनाने: हे संध्याकाळी बसून भरलेलं असतं, आणि तपासनीस ते दुरून ओळखतो. खऱ्या नोंदी थोड्या वरखाली असतात, मधेच एखादा 82 असतो, आणि त्यापुढे ‘40 डबे वेगळे काढले, पुन्हा गरम करून भरले’ असं लिहिलेलं असतं. थर्मामीटरही महिन्यातून एकदा बर्फ-पाण्याच्या काल्यात शून्य दाखवतो का ते पाहावं. फुकटची तपासणी आहे, तरी राहून जाते.

मासळीच्या धंद्यात हीच पद्धत वेगळ्या जागी बोट ठेवते. बांगडा पकडल्यावर बर्फाविना राहिला तर जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन गोठवून किंवा शिजवून जात नाही. तिथला निर्णायक बिंदू माल उतरवून घेतानाचाच: माशाच्या पोटाजवळचं तापमान 4 अंशांच्या आसपास आहे का, आणि बोटीवर बर्फ कधी घातला होता. उत्तर पटलं नाही तर माल परत.

पल्पमध्ये एवढं करूनही नमुने ठेवावेत: प्रत्येक बॅचचे काही डबे 37 अंशांवर 10 दिवस, फुगतात का ते पाहायला. झाकणावर तारखेसोबत तासाचाही कोड मारावा. एक डबा फुगला तर रजिस्टरमधल्या त्या तासाची पानं उघडता येतात, आणि पूर्ण दिवसाऐवजी तेवढ्या तासाचेच डबे बाजारातून परत बोलवावे लागतात.