मराठवाड्यातील वाचन व साक्षरतेची शासकीय पाहणी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील मुलांना आणि प्रौढांना किती वाचता येते, हे जोखण्यासाठी केंद्र व राज्य शासनाने केलेल्या गणना, सर्वेक्षणे आणि चाचण्या. निजामी राजवटीत उर्दू ही कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा होती. मराठी शाळा कमी होत्या. त्या मागासलेपणाची सावली पुढे आकड्यांवर पडत राहिली. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के भरली; आठपैकी एकही जिल्हा तिथवर पोचला नाही. जालना ७१.५२ टक्क्यांवर होता.

जनगणनेच्या व्याख्येनुसार कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी, सात वर्षे व त्यावरील व्यक्ती साक्षर ठरते. मात्र प्रगणक कुणाच्या हाती पुस्तक देत नाही. घरातले सांगतील ते नोंदवतो. बचत गटाच्या रजिस्टरवर सही करणारी बाई बसवरची पाटी वाचू शकते का, हे त्यातून कळत नाही. प्रौढांची खरी परीक्षा घेतली ती उल्लास या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाने. १५ वर्षे व त्यावरील असाक्षरांसाठी वाचन, लेखन व संख्याज्ञानाची प्रत्येकी ५० गुणांची चाचणी असते. महाराष्ट्रात ती मार्च २०२४ मध्ये झाली.

शाळकरी मुलांसाठी २०१७ व २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि परख या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचे डिसेंबर २०२४ चे सर्वेक्षण महत्त्वाचे. तरीही वाचनाबद्दल सर्वांत जास्त सांगतो तो मार्च २०२२ चा पायाभूत अध्ययन अभ्यास, कारण त्यात तिसरीच्या एकेका मुलाला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावले. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणन मोहिमेनुसार दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत. घड्याळ लावले की लेकराचे बोट ओळीवरून सरकू लागते आणि जोडाक्षरापाशी थांबते. ‘शब्द’ या शब्दात अर्धा ‘ब’ आला की ते आधी ‘शबद’ म्हणते, मग शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. बंजारा तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलतात, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते. चाचणी मात्र शाळेच्या माध्यमभाषेतच होते. अशा मुलाचे अडखळणे वाचनाचे की भाषेचे, हे गुणांवरून सांगता येत नाही.

याहून मोठी अडचण ऊसतोडीच्या हंगामाची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले शाळेत टिकतात; धाकट्या भावंडाला सांभाळायला आई-बापाबरोबर गेलेली मुलगी उसाच्या फडावर असते. २०१७ चे सर्वेक्षण १३ नोव्हेंबरला, २०२१ चे १२ नोव्हेंबरला झाले. नमुना निवडला जातो तो त्या दिवशी वर्गात हजर असलेल्यांमधून. म्हणजे जिचे वाचन सर्वांत आधी तपासायला हवे, तीच मोजणीतून सुटते आणि जिल्ह्याचा आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. याच जिल्ह्यांत पडताळणी जूनमध्ये, फडावरची कोपी (झोपडी) मोडून कुटुंबे गावी परतल्यावर घेतली पाहिजे. २०११ ची शिरगणतीही फेब्रुवारीतच झाली होती, आणि पुढची फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तेव्हा कारखान्यांची धुराडी पेटलेलीच असतात.