हराम वेगळं, मकरूह वेगळं, उगाच एका पातेल्यात घालू नका

महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत डबे उघडले की "तुमच्यात हे चालतं का रे" हा प्रश्न येतोच, त्यात काही नाही, पण उत्तर देताना आपलीच मुसलमान पोरं मकरूह म्हणजे हरामच असं ठोकून देतात ते ऐकून डोकं फिरतं.

हराम समजायला सोपं. डुक्कर, रक्त, मेलेलं जनावर, अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं, हे कुराणात सरळ आलंय (सूरह मायदा, आयत 3), दारूचं त्याच सूरहच्या 90 व्या आयतीत. खाल्लं तर गुनाह (पाप), यात हनफी-शाफई (धर्माचे नियम लावायचे सुन्नींचे दोन पंथ) असा वाद नाही. भुकेने जीव जायची वेळ आली तर तेवढ्यापुरती सूट आहे, बस.

मकरूह म्हणजे नापसंत, आणि खरी गंमत इथंय. हनफी लोक त्यात दोन पायऱ्या मानतात. तहरीमी म्हणजे हरामच्या अगदी शेजारी, खाल्लं तर गुनाह, आणि तंजीही म्हणजे टाळलेलं बरं, खाल्लं तर गुनाह नाही. शाफईंकडे मकरूह म्हटलं की साधारण ही दुसरीच पायरी, सोडलं तर सवाब, म्हणजे पुण्य. कच्चा कांदा-लसूण घ्या, हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे की खाऊन मशिदीत येऊ नका, कारण वास. म्हणजे जुम्याच्या (शुक्रवारच्या) नमाजाआधी मिसळीवर मूठभर कच्चा कांदा मारून सफमध्ये (रांगेत) उभं राहू नका, शिजवलेला असेल तर कोणाची हरकत नाही.

आता मासळी, ज्यावरून आमच्या मुंब्रा-कौसात दर दावतीला कोणीतरी वाद काढतंच. इथले जुने कोकणी मुसलमान शाफई, आणि 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून बरीच कुटुंबं इकडे आली त्यात यूपी-बिहारकडचे हनफी खूप, म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही. शाफईंना माकूळ (स्क्विड) बिनधास्त चालतं, हनफींकडे समुद्रातलं फक्त मासा म्हणता येईल तेच, म्हणून माकूळ नाही. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी आलिमांतच (धर्मपंडितांतच) दोन मतं, आणि खेकड्यावर तर शाफईंतही एकमत नाही. त्यामुळे शेजारच्या ताटातलं माकूळ बघून "हराम, हराम" ओरडणारे मला तरी अजिबात पटत नाहीत.

न आवडणं ही तर तिसरीच गोष्ट. दब नावाचा वाळवंटातला सरडा भाजून पुढे आला तेव्हा पैगंबरांनी (स.) हात मागे घेतला, खालिद बिन वलीद यांनी विचारलं हराम आहे का, तर नाही म्हणाले, माझ्या लोकांच्या मुलखात नसतो म्हणून नको वाटतो, आणि खालिदनी तिथंच बसून तो खाल्ला. तरी हनफींनी तो मकरूहच धरला, तो भाग वेगळा.

खाटकाकडे गेलात तर हेही बघा, कपुरे (बकऱ्याची वृषणं) हनफींकडे मकरूह तहरीमी, वजडी (जठर-आतडी) काही आलिम तशीच धरतात आणि काही खुशाल खातात, कलेजीला मात्र कोणीच नाही म्हणत नाही.