कॉन्ट्रास्टविना स्तनांची एमआरआय तपासणी

शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे बोलीभाषेत ‘डाय’, न टोचता केलेली स्तनांची एमआरआय तपासणी. एरवी त्यासाठी गॅडोलिनियम हा धातू असलेला द्रव टोचतात. कर्करोगाच्या गाठीत नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून द्रव झिरपतो आणि एक-दोन मिनिटांत गाठ चित्रात उजळते. टोचणे टाळले की ही खूण हातची जाते.

मग आधार घेतात तो पाण्याचा. ऊतींमधले पाण्याचे रेणू सतत हलत असतात. कर्करोगात पेशी इतक्या दाटीवाटीने असतात की या रेणूंना सरकायला जागा उरत नाही. ही अडलेली हालचाल टिपणारे तंत्र म्हणजे डिफ्यूजन (विसरण) एमआरआय. त्याच भागाची चित्रे निदान दोन बी-मूल्यांना (चित्र पाण्याच्या हालचालीला किती संवेदनशील असेल ते ठरवणारा आकडा) घेतात: एक 0 किंवा 50, दुसरे बहुधा 800. पाणी मोकळे असेल तिथे दुसऱ्या चित्रातला संकेत विझतो, अडलेले असेल तिथे टिकतो. दोहोंच्या तुलनेतून पाणी किती मोकळेपणी हलते ते सांगणारा एडीसी हा आकडा निघतो. स्तनाच्या कर्करोगात तो बहुधा सेकंदाला 0.0008 ते 0.0013 चौरस मिलिमीटर येतो, साध्या गाठींत सहसा जास्त. पण मधल्या पट्ट्यात दोन्ही सापडतात. नुसत्या चकाकीवरही भिस्त ठेवता येत नाही. पाण्याची गाठ 800 च्या चित्रातही कधी चमकते. एडीसीचा नकाशा शेजारी लावला की उलगडा होतो: तिथे ती पांढरी, कर्करोग काळा.

फसवणारे प्रकारही आहेत. गळवातला घट्ट पू कर्करोगासारखा काळा दिसतो. उलट श्लेष्मल कर्करोग पाणीदार असल्याने निरुपद्रवी भासतो. चित्राची सूक्ष्मता कमी असल्याने एक सेंटिमीटरहून लहान गाठी आणि दुग्धनलिकांपुरता असलेला प्रारंभिक कर्करोग निसटू शकतो. म्हणून ‘सुईविना तेवढीच खात्रीची तपासणी’ असे सांगणे आजतरी दिशाभूल ठरेल.

सिलिकॉनचे रोपण फुटले आहे का, या प्रश्नाला मात्र कॉन्ट्रास्ट लागतच नाही. सिलिकॉन, पाणी आणि चरबी यांचे संकेत वेगळ्या वारंवारतेवर येतात, त्यामुळे एकेक दाबून उरलेले पाहता येते. फुटलेले कवच आत कोसळून सिलिकॉनमध्ये दोऱ्यांच्या गुंत्यासारखे तरंगताना दिसते.

सुई टाळण्याची कारणे ठोस आहेत. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा व सांधे आखडवणाऱ्या विकाराशी गॅडोलिनियमचा संबंध 2006 मध्ये पुढे आला. 2014 पासून मेंदूत त्याचे अंश साठत असल्याचे अहवाल आले, तरी त्यातून अपाय सिद्ध झालेला नाही. युरोपात 2017 मध्ये रेषीय रचनेच्या (गॅडोलिनियमला साखळीसारख्या रेणूत धरणाऱ्या) बऱ्याच द्रवांचा वापर थांबवला गेला. गरोदरपणातही शक्यतो ते देत नाहीत. गरोदर स्त्रीपुढे अडचण आणखी एक: यंत्रात पालथे झोपून स्तन कॉइलच्या (संकेत टिपणाऱ्या साधनाच्या) पोकळीत सोडावे लागतात, आणि वाढलेल्या पोटावर तसे पडून राहणे सुई नसली तरी जमत नाही.