सदर्कच्या ‘जॉर्ज’ सराईविषयी थोडेसे

आमच्या लंडन सहलीत टेम्सच्या दक्षिण तीरावर, बरो हाय स्ट्रीटवरील ‘जॉर्ज’ या जुन्या सराईत दुपारचे जेवण ठेवले आहे. (या भागाचे नाव स्पेलिंगवरून ‘साउथवार्क’ असे वाटते, रस्ता विचारताना मात्र ‘सदर्क’ म्हणावे.) जेवायला बसण्यापूर्वी सर्वांनी काही वेळ चौकात उभे राहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

1750 मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत शहरात शिरण्यासाठी लंडन ब्रिज हा एकच पूल होता. त्यामुळे डोव्हर, कँटरबरी आणि एकूणच केंट परगण्याकडून येणारी वर्दळ याच रस्त्यावर दाटे, आणि पुलाच्या अलीकडे सरायांची रांगच उभी राहिली. आपल्याकडील धर्मशाळेसारखी ही पुण्यार्थ सोय नव्हती. मुक्काम, जेवण आणि घोड्यांचा दाणापाणी हा येथे चोख व्यवसाय होता. 1676 च्या आगीत सदर्कचा मोठा भाग जळाला, त्यात जुने ‘जॉर्ज’ही गेले. आज दिसते ती इमारत 1677 मध्ये बांधलेली आहे.

तिची सारी रचना घोडागाडीच्या सोयीने झालेली आहे. गाडी रस्त्यावरून बोळातून थेट चौकात येई, उतारू तेथेच उतरत, आणि वरच्या खोल्यांची दारे चौकाकडे उघडणाऱ्या लांब लाकडी सज्जांवर असत. तळमजल्यावरचे जुने मद्यगृह पूर्वी उतारूंची प्रतीक्षा-खोली होते. वरच्या मजल्यावर आता जेवणाची दालने आहेत, तेथे पूर्वी निजण्याच्या खोल्या होत्या.

1836 मध्ये अगदी जवळच लंडन ब्रिज रेल्वे स्थानक सुरू झाले आणि घोडागाड्यांचे दिवस भरले. पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने ही जागा मालाच्या कोठारासाठी वापरली आणि 1889 मध्ये चौकाच्या दोन बाजू पाडून टाकल्या. हा तोटा आम्हांला फार मोठा वाटतो, कारण शेजारच्या ‘टॅबर्ड’ आणि ‘व्हाइट हार्ट’ या सरायाही त्याच शतकात पाडल्या गेल्या. सज्जे असलेली घोडागाड्यांच्या काळातील सराई लंडनमध्ये आता ही एकच उरली आहे, तीही केवळ दक्षिणेकडील बाजूपुरती. 1937 पासून ती नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे.

चौकात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास सज्जे नीट दिसतात. वर जाण्यासाठी जिना चढावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आगाऊ कळवल्यास त्यांची बैठक तळमजल्यावर ठेवू.