पक्षिचित्रे, हस्तरंजित

तांब्याच्या पत्र्यावर कोरून (ताम्रमुद्रण) किंवा शिळेवर रेखाटून (शिलामुद्रण) कागदावर छापलेली व नंतर जलरंगांनी हाताने रंगवलेली पक्ष्यांची चित्रे. ही बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील यूरोपीय ग्रंथांची सुटी पाने असतात. संग्राहक त्यांना सरसकट ‘एन्ग्रेव्हिंग’ म्हणतात. ते काटेकोर नव्हे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँच्या ग्रंथासाठी मार्तीने याने तयार केलेली १,००८ चित्रे (त्यांपैकी ९७३ पक्ष्यांची) ताम्रमुद्रित आहेत. इंग्रज पक्षितज्ञ जॉन गूल्ड यांच्या हिमालयीन पक्ष्यांवरील ग्रंथातील ८० मात्र शिलामुद्रित असून ती त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी रेखाटली. ताम्रमुद्रणात पत्र्याच्या कडा दाबाने कागदात रुततात. ती खोलगट चौकट बोटाला लागते; शिलामुद्रणात ती नसते. कागदाच्या कडा कापल्या असतील तर ही खूणही जाते.

खरा वाद रंगाच्या काळाचा आहे. चित्राखालचा सन पत्र्याचा असतो, रंगाचा नव्हे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ प्येर सोनरा याच्या १७८२ च्या प्रवासवर्णनात राखी रानकोंबड्याचे चित्र आहे (पुढे त्या पक्ष्याला त्याचेच नाव मिळाले). या ग्रंथाच्या प्रती साध्याही आढळतात व रंगीतही. रंगीत पानांतले काही रंग त्याच काळचे, काही बरेच उशिराचे असावेत. येथे रसायन उपयोगी पडते. क्रोमियम १७९७ मध्ये सापडले, म्हणून क्रोम पिवळा आढळल्यास तो रंग मूळचा नाही. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा साधारण १८२८ च्या आधीचा नसतो, असे धरतात. शिशाचा सफेता हवेतील गंधकाने काळवंडतो. पांढऱ्या पिसांवरचे काळे डाग हे पुष्कळदा जुन्या रंगाचेच लक्षण. कागदातील जलचिन्हात (वॉटरमार्कमध्ये) सन असेल तर छपाई त्याआधीची नाही, इतकेच ठरते. जुन्या पत्र्यावरून मागाहून प्रती काढल्या जात. उत्तरकालीन रंग चढवलेल्या पानापेक्षा न रंगवलेले पान अधिक मोलाचे, हे मत ग्राह्य वाटते.

वडोदरा : येथील मराठी घरांत ‘जुने छापील चित्र’ म्हटले की रविवर्म्याची देवादिकांची चित्रे आठवतात. रविवर्मा १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या राज्याधिकारग्रहणप्रसंगी येथे आले होते. पण त्यांच्या छापखान्यातील चित्रांत प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा असे, कुंचल्याचे काम नसे. भिंगाखाली तेथे ठिपके दिसतात, हस्तरंजित पानावर सलग पातळ थर. तो कधी रेषेबाहेरही ओघळलेला असतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखेत (१९५०) ज्योती भट्ट यांच्यासारख्या मुद्रणचित्रकारांनी काम केले. पत्रा, अम्ल आणि दाबयंत्र ज्याने हाताळले आहे, त्याला ती रुतलेली चौकट चटकन ओळखू येते.

जतन : ऊन व दमट भिंत टाळावी, आम्लयुक्त पुठ्ठा पाठीला लावू नये. तांबूस ठिपके घरी धुऊ नयेत, जलरंग सुटतात.