कॅज्युअल्टी आणि आयसीयू: दोन्हींना ‘इमर्जन्सी’ म्हणून मोकळं होऊ नका

जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं संपवून नोकरीला लागणाऱ्या मुली बेळगावात मला हमखास विचारतात, “सिस्टर, कॅज्युअल्टी घेऊ की आयसीयू? दोन्ही इमर्जन्सीच ना?” कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा रुग्ण दारात आल्या आल्या बघतात तो विभाग, आयसीयू म्हणजे अतिदक्षता विभाग. घरच्यांनाही दोन्ही एकच वाटतात. दोन्हीकडे मॉनिटर, ऑक्सिजन, जिवाची बाजी. मी दोन्हीकडे ड्यूट्या केल्या आहेत, म्हणून ठामपणे सांगते: ही कामं वेगळी आहेत, आणि माणूस थकतो तोही वेगवेगळ्या जागी.

एकच रुग्ण घेऊन बघू. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. दात इतके बारीक की दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. घरचे त्याला जीपमध्ये घालून आणतात आणि सांगतात, “पोटात दुखतंय, रात्री झोप नाही झाली.” सापाचं नावही कुणी काढत नाही.

कॅज्युअल्टीच्या नर्सची परीक्षा इथे असते. पापण्या झोपेने मिटताहेत की लुळ्या पडल्यात, हे तिने पहिल्या दोन मिनिटांत ओळखायचं. “रात्री खाटेवर झोपला होता की खाली?” हा एक प्रश्न तिने विचारला तर पुढचं सगळं बदलतं. मग एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. मघाशी वीसपर्यंत गेलेला माणूस आता बारावर अडकला, तर श्वासाचे स्नायू दमताहेत, डॉक्टरांना तिथल्या तिथे हाक मारायची. सापाच्या विषावरच्या लसीच्या 10 व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, सलाइनमधून सुरू होतात; लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. अंगावर गांधी उठल्या किंवा बीपी पडलं तर लस थांबवून ॲड्रिनलिन द्यायचं, म्हणून ते आधीच भरून हाताशी ठेवायचं.

आणि हे सगळं चाललेलं असताना ती एकाच रुग्णाची नसते. हायवेवरचा अपघात त्याच वेळी दारात येतो, नाहीतर उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला कुणी. आधी आला त्याला आधी बघायचं हा नियम इथे चालत नाही. ज्याचा जीव जास्त धोक्यात तो आधी. बोट कापलेल्याच्या नातेवाइकांना हे पटत नाही, आणि त्यांचा राग डॉक्टरांच्या आधी सिस्टरवर निघतो. एकीला मराठीत “कुठं दुखतंय?” विचारायचं, मान वळवून दुसऱ्याला तेच कन्नडमध्ये, “एल्ली नोवैत्री?” तासाभरात रुग्ण वरच्या मजल्यावर आयसीयूत जातो. पुढे त्याचं काय झालं हे तिला बहुतेक वेळा कळतही नाही. कॅज्युअल्टी सोडणाऱ्या अनेकींना धावपळीपेक्षा हेच जास्त खुपतं, असं मी पाहिलंय.

आता तोच माणूस आयसीयूत. व्हेंटिलेटर लागलाय. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर एकदा बसलं की लस ते सहजी सोडवत नाही. टोकं पुन्हा तयार होईपर्यंत, कित्येकदा अनेक दिवस, मशीनने श्वास द्यावा लागतो. हात हलत नाही, पापणी उघडत नाही, बाहुल्याही मोठ्या होऊन उजेडाला दाद देत नाहीत. नवखा माणूस म्हणेल, मेंदू गेला. पण आतला माणूस जागा असू शकतो. त्याला ऐकू येत असतं.

इथली मेहनत दिसत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतला कफ खेचायचा, निमोनिया होऊ नये म्हणून डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवायची, तोंड पुसायचं, पूर्ण न मिटणारे डोळे सुकू नयेत म्हणून मलम लावून झाकायचे. लघवी किती झाली ते दर तासाला लिहायचं. पहाटे तीनला अलार्म वाजतो: नळी सरकली, कफ अडकला, की नुसती वायर सुटली? बारा वेळा वायरच निघते. तेराव्या वेळीही तितक्याच तातडीने उठणं, हे या कामातलं सगळ्यात अवघड. म्हणूनच व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स असावी लागते. नोकरी घेताना मुलींनी पगाराआधी हा आकडा विचारावा. तिघांमागे एक असेल तर सही करू नये.

मला स्वतःला आयसीयूच जड गेलं. तरीही नव्या मुलीला मी आधी तिथेच वर्षभर पाठवेन, जाणत्या सिस्टरच्या हाताखाली. एक माणूस तासातासाने कसा खालावतो हे तिथे डोळ्यांनी शिकता येतं, आणि तो डोळा असल्याशिवाय कॅज्युअल्टीतली दोन मिनिटं पुरत नाहीत.

दोन्ही कामं एकमेकांना भेटतात ती ओव्हर देताना, म्हणजे रुग्ण पुढच्या सिस्टरच्या हाती सोपवताना. किती व्हायल गेल्या, रिॲक्शन आली का, नळी किती सेंटिमीटरवर बांधली, हे सगळ्याच सांगतात. मी खाली कॅज्युअल्टीत असताना आणखी एक गोष्ट कागदावर सगळ्यात वर लिहायचे: घरी मराठी बोलतात की कन्नड, आणि घरचे कुठल्या नावाने हाक मारतात. वरची सिस्टर कूस बदलण्याआधी त्याच भाषेत, त्याच नावाने सांगायची, “आता डाव्या अंगावर वळवते हं, घाबरू नका.”